डंगरीचा डावा पाय

माझ्या बायकोची डंगरी माझी मुलगी घालायला लागली, तेव्हा सगळ्यांत आधी डोकं माझं फिरलं होतं. ताईचं नंतर.

डंगरी म्हणजे आमच्या कामाची. जाड निळ्या कापडाची, खांद्यावर दोन पट्टे, छातीवर खिसा. आम्ही दोघं रंगारी. घरं, दुकानं, दवाखाने रंगवायचो. मोठ्या भिंतींवर रोलर मी फिरवायचो आणि कडा तिच्याकडे. भिंत आणि छत मिळतात तिथे, खिडकीच्या चौकटीला, दाराच्या पट्टीला ती चिकटपट्टी न लावता नुसत्या ब्रशनं सरळ रेघ ओढायची. बाईमाणूस शिडीवर चढलेलं पाहून लोक आधी तोंड वाकडं करायचे, मग रेघ पाहून चहा विचारायचे.

तिची एक सवय होती. दुकानातल्या शेडकार्डावरचा रंग आम्ही कधी जसाच्या तसा लावला नाही. पांढऱ्यात स्टेनरचे, म्हणजे छोट्या बाटल्यांतल्या दाट रंगाचे, थेंब टाकून शेड आम्हीच बनवायचो. रंग ओला असताना एक दिसतो, वाळला की दुसराच. म्हणून बादली ढवळून झाली की ती ब्रशचा एक फटका स्वतःच्या डाव्या मांडीवर मारायची आणि उन्हात जाऊन उभी राहायची. डावखुरी होती, म्हणून डावी मांडी. वाळल्यावर पसंत पडला की काम सुरू. तो फटका तिथेच राहायचा. पुढचं काम आलं की त्याच्या शेजारी दुसरा. मग कधीतरी जुन्या गिऱ्हाइकाचा फोन यायचा, "अहो, भिंतीला ओल आली, तेवढाच तुकडा करून द्या, पण रंग तोच हवा." मी फोन ठेवून म्हणायचो, "पाय दाखव." ती पाय पुढे करायची आणि बोट ठेवायची. हा वकिलाच्या जिन्याचा. हा शिंपिणीच्या दुकानाचा. हा त्या म्हाताऱ्याचा, जो पूर्ण वेळ खुर्ची टाकून आपल्याला बघत बसला होता. आम्ही कागदावर काही लिहून ठेवलं नाही. गरजच पडली नाही.

साध्या तापाचं निमित्त झालं आणि ती गेली. त्याबद्दल मला सगळ्यांनी पुष्कळ समजावलं आहे. आता कुणी समजवायला आलं की दाराला आतून कडी लावावीशी वाटते.

मुलगी पंधरा वर्षांची. तिच्या आईनं तिचं नाव मुंगी पाडलं होतं, कारण रांगायला लागल्यापासून सापडेल ते ओढत घरात आणायची. तिच्या पलंगाखाली अजून एक पत्र्याचा डबा आहे. त्यात बाटल्यांची बुचं, कुठल्याच कुलपाच्या नसलेल्या किल्ल्या, एका पायाचा बूट, मैत्रिणीनं दिलेली तुटकी साखळी. कुणी हात लावला तर घर डोक्यावर घेते. आई गेल्यावर त्या डब्यात आणखी काहीबाही जाईल हे मी धरून चाललो होतो. पण हिनं डब्यात काही टाकलं नाही. शाळेतून येऊन गणवेश काढला आणि डंगरी चढवली. पाय खाली दुमडले, पट्टे आवळले आणि दूध आणायला गेली.

मी त्याच रस्त्यानं कामावरून येत होतो. समोर पाठमोरी बाई चाललेली. तीच डंगरी, तीच एका खांद्यावरून घसरणारी पट्टी. माझ्या तोंडून बायकोची हाक गेली. मोठ्यानं. रस्त्यावरचे चार लोक थांबून बघायला लागले आणि मुंगी दुधाची पिशवी धरून वळली.

घरी येईपर्यंत मी दात आवळून धरले होते.

"काढ ती."

"का?"

"का म्हणजे? कामाचे कपडे आहेत ते. रस्त्यावर मिरवायचे नाहीत."

"आई मिरवायची की. भाजी आणायला ह्याच्यातच जायची."

"ती कामावरून यायची."

"मग मी शाळेतून आले. शाळा काय पिकनिक आहे?"

"मुद्दाम करतेस ना? मला छळायला?"

"दरवेळी तुझंच काय असतं रे बाबा?" ती म्हणाली. "माझी पण आई होती."

मी हातातली बादली मोरीत आपटली. बादलीला पोचा आला आणि डंगरी तिच्या अंगावर राहिली.

तेव्हापासून शाळा सोडून सगळीकडे डंगरी. वाचनालयात डंगरी, मैत्रिणीच्या वाढदिवसाला डंगरी. कपाटात तिचे दुसरे कपडे घडीला घडी लागून पडलेले. तिची एक मैत्रीण आहे, केसांच्या झिपऱ्या कायम डोळ्यांवर. ती एकदा घरी आली आणि डंगरी चिमटीत धरून म्हणाली, "कसली भारी आहे! कुठल्या ब्रँडची?"

"आईच्या," मुंगी म्हणाली.

"नाही गं, दुकान कुठलं?"

तेव्हा मला कळलं की मोठ्या दुकानांत आता रंग उडालेले कपडे नवेकोरे विकायला असतात. कारखान्यात माणसं बसून नव्या कापडावर रंग शिंपडतात. मी इतका चिडलो की त्या पोरीसमोरच म्हणालो, "आमच्याकडे या म्हणावं, फुकट उडवून देतो." झिपरी हसली. तिला तो विनोद वाटला.

ताईचा पहिल्यापासून विरोध. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिच्या घरात पाय पुसायचं आधी आठवतं, बेल वाजवायचं नंतर. बायको गेल्यापासून आमच्या घराची एक किल्ली तिच्याकडे असते. ती येते, भांडी घासते, पडदे धुते, माझ्या बनियनांनासुद्धा इस्त्री करते. मी कितीदा म्हणालो, ताई, राहू दे. तिला राहू देणं जमत नाही.

"धाकट्या, पोरगी रस्त्यानं भिकाऱ्यासारखी फिरते," ती म्हणायची.

"मी सांगून बघितलं."

"सांगून? बाप आहेस की शेजारी?"

आत्याचं बोलणं चालू झालं की मुंगी डंगरीच्या छातीवरच्या खिशात दोन्ही हात घालून उभी राहायची, अगदी आईसारखी. ताई मग माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीबाहेर.

त्या दिवशी सकाळी दातांच्या डॉक्टरांचा फोन आला. बाई चांगल्या आहेत. त्यांचा दवाखाना आम्हीच रंगवला होता. वरच्या मजल्यावरचा नळ फुटून पेशंट बसतात त्या खोलीची भिंत खराब झाली होती. "दाराएवढा तुकडा आहे," त्या म्हणाल्या, "पण बाकीच्या भिंतीत मिसळला पाहिजे. तुमच्या मिसेसनी तो रंग काय सुंदर जमवला होता! राखाडी म्हणावा तर हिरवा दिसतो."

मी हो म्हणालो. संध्याकाळी मुंगी शाळेतून आली, तेव्हा तिला म्हणालो, "दातांच्या दवाखान्याचा रंग कुठला ते माहीत आहे तुला?"

ती एकदम उजळली. मी डंगरीबद्दल तिला स्वतःहून काही विचारण्याची ही पहिलीच वेळ. "डाव्या मांडीवर, बाजूच्या खिशाच्या खाली, आडवा फटका. आईनं मला दाखवला होता. थांब, आणते." ती आत पळाली. शाळेच्या वेळात डंगरी तिच्या खोलीच्या दारामागे खिळ्याला असायची.

आतून आवाज आला नाही. मग कपाट उघडल्याचा आला, मग पलंग सरकवल्याचा, मग पत्र्याचा डबा उपडा केल्याचा. ती बाहेर आली तेव्हा चेहरा पांढराफटक.

"कुठे टाकलीस?"

"मी?"

"तुलाच नको होती ती! पहिल्या दिवसापासून! कुठे आहे?"

"मुंगे, मी हात लावला नाही."

"मग तिला पाय फुटले?"

एवढ्यात माझं लक्ष स्वयंपाकघराकडे गेलं. ओटा लखलखत होता. फडकी पिळून, घडी करून नळावर ठेवलेली. मी फोन उचलला.

"ताई, आज आली होतीस?"

"कळलं का?" ताई खुशीत होती. "अरे, सांगणार नव्हते. ड्रायक्लीनला दिलीये. त्याला म्हटलं, काही कर, पण एक डाग दिसता कामा नये. मुंगीला सरप्राइज."

मी फोनवर काय बोललो ते इथे लिहिण्यासारखं नाही. सख्ख्या थोरल्या बहिणीला कुणी तसं बोलत नाही. मुंगी तोवर चपला घालून दारात उभी होती.

दुकान चौकाच्या पलीकडे होतं. आत छतापासून कपडे लटकलेले, सगळे प्लॅस्टिकच्या पिशव्यांत. एक बाई कोट घ्यायला थांबली होती. मालक गोल चष्म्याचा, बाह्या दुमडलेला. मी ताईचं नाव सांगितलं तसा तो खुलला.

"हां, ती डंगरी! साहेब, काय केस आणलीत तुम्ही! तीस वर्षांच्या धंद्यात असं कापड पाहिलं नाही. बाईसाहेबांना मी म्हटलं, हे निघणार नाही. त्या म्हणाल्या, निघालंच पाहिजे. मग मी पण म्हटलं, बघू या कोण जिंकतं."

"आहे कुठे?" मुंगी म्हणाली.

"थांब बाळ, आणतो. अजून पूर्ण नाही झाली हं." तो आतून डंगरी घेऊन आला आणि दोन हातांनी आमच्यासमोर धरली, लग्नाची साडी दाखवावी तशी. "आधी सोप्या बाजूनं घेतली. उजवा पाय बघा. आहे का काही? दुकानातून आत्ता आणल्यासारखा! डाव्या पायावर थर जास्त आहेत. त्याला उद्या कडक औषध लावतो."

उजवा पाय निळा होता. कोरा, स्वच्छ, नुसता निळा. त्याच्या शेजारी डावा लोंबत होता, सगळ्या फटक्यांसकट.

मुंगीनं उजव्या गुडघ्यावर हात फिरवला. परत फिरवला.

"इथे पिवळा होता."

"होता ना!" मालक म्हणाला. "फार चिवट. टूथब्रशनं काढला शेवटी."

"माझ्या खोलीचा होता तो. आई गुडघे टेकून खालची पट्टी करत होती आणि मी बादलीला धक्का मारला. तिचा गुडघा त्यातच भिजला." ती माझ्याकडे वळली. "बाबा, माझ्या खोलीचा होता."

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "भिंत आहे ना अजून."

"मग भिंत अंगावर घालू?"

कोटवाल्या बाईनं आमच्यावरची नजर दुसरीकडे वळवली. मी काउंटरवर हात आपटला. मालकाला म्हणालो की दुसऱ्याची वस्तू कुणीही आणून दिली तर घासत सुटायचं का, विचारायचं नाही का. तो बिचारा गोंधळून गेला. त्याचं काय चुकलं होतं? लोक त्याच्याकडे डाग काढायलाच येतात. पण मला त्या क्षणी तो नुसता समोर हवा होता. तो "अहो पण, अहो पण" करत राहिला आणि मी ओरडत राहिलो.

तेवढ्यात ताई आली. रिक्षातून उतरून धावतच आली असावी, धाप लागली होती. हातात एक मोठी चकचकीत पिशवी.

"धाकट्या, चारचौघांत ओरडू नकोस."

"चारचौघांत? तू चोरून नेलीस ती कुणाला विचारून?"

"चोरून काय? धुवायला नेली. मी काय जाळून टाकली?"

"जाळली असतीस तर बरं झालं असतं!"

"ऐक तर. मुंगे, तू ऐक." तिनं पिशवीत हात घातला. "ती डंगरी रोज घालून घालून फाटेल गं. म्हणून म्हटलं, स्वच्छ करून, घडी घालून कपाटात ठेवायची, आईची आठवण म्हणून. आणि घालायला ही घे. तुझ्या त्या झिपऱ्या मैत्रिणीला विचारून आणली मुद्दाम. हिच्यावरपण डाग आहेत."

तिनं नवी डंगरी बाहेर काढली. निळी, मऊ, गळ्याशी लेबल लोंबत असलेली. आणि दोन्ही पायांवर रंगाचे ठिपके. गुलाबी, पांढरे, पिवळे. डाव्या पायावर जिथे ठिपका तिथेच उजव्यावर. छापलेले.

मला हसू आलं असतं तर बरं झालं असतं. मी ती डंगरी तिच्या हातातून ओढली आणि दुकानाच्या बाहेर फेकली. ती पायरीवर पडली. रस्त्यानं जाणारा एक माणूस तिला वळसा घालून गेला.

"तुला कळतं का काही?" मी म्हणालो. "आयुष्यभर नुसती पुसत आलीस. तिच्या पाठीमागे फडकं घेऊन फिरायचीस. ती तुझ्याकडे आली की सोफ्यावर चादर टाकायचीस. वाटलं असेल, गेली एकदाची, आता तिचं राहिलेलंपण धुऊन टाकू!"

ताईचा चेहराच बदलला. मी तिला एवढी चिडलेली लहानपणानंतर पाहिली नव्हती.

"शेवटची अंघोळ तिला कोणी घातली?" ती म्हणाली. "तू घातलीस? तू बाहेर भिंतीला टेकून उभा होतास. आत मी होते. तिच्या नखांत रंग होता, धाकट्या. दहाही नखांत. मी म्हटलं, बाई आयुष्यभर राबली, निदान जाताना तरी नीट जाऊ दे. काडीनं काढला, साबणानं काढला, तुझ्या त्या बाटलीतलं थिनर आणून कापसानं काढला. बाहेरून सगळे म्हणताहेत, आवरा, आवरा. नाही निघाला. तशीच पाठवली मी तिला." तिनं डंगरीकडे बोट केलं. "तेव्हापासून ही डंगरी दारात दिसली की मला तिचे हात दिसतात. मी काय करू?"

मागे कुठेतरी मशीन फिरत होतं. मालकानं चष्मा काढून शर्टाला पुसला.

मला हे माहीत नव्हतं. पण म्हणून माझा राग गेला, असं नाही. उलट तो कुणावर काढायचा हेच कळेना. ताईवर, त्या चष्मेवाल्यावर, तापावर, की "आवरा" म्हणणाऱ्यांवर. त्यांत मी पण असेन.

मुंगीनं काउंटरवरची डंगरी छातीशी धरली होती. "आत्या, शेवटी निघालाच नाही ना?"

"नाही गं."

"बरं झालं," मुंगी म्हणाली.

ताईनं पदरानं नाक पुसलं, बाहेर जाऊन पायरीवरची नवी डंगरी उचलली, झटकली, आणि सवयीनं तिची घडी घातली.

जाताना मालकानं एक छोटी पिशवी दिली. "खिशात होतं. धुण्याआधी आम्ही खिसे बघतो." आत पेन्सिलीचा तुकडा होता, मागचं टोक चावलेलं. मुंगीनं तो जागच्या जागी खिशात ठेवला. मी त्या माणसाला सॉरी म्हणायला हवं होतं. नाही म्हणालो.

घरी येताना मुंगी पुढे चालत होती. मी म्हणालो, "पिवळा परत लावून देतो. मला माहीत आहे तो कसा केला होता."

"नको."

"अगं, तोच रंग..."

"तू पण आता छापणार का?"



रविवारी दवाखाना बंद असतो, म्हणून डॉक्टरांनी तो दिवस दिला होता. मुंगीला मी ये म्हटलं नव्हतं. मी शिडी उचलली तर ती दारात तयार होती, एक पाय रंगीत आणि एक कोरा अशी. लोक बघत होते. मी एकालाही उत्तर द्यायच्या मनःस्थितीत नव्हतो, आणि तेवढं माझ्या चेहऱ्यावर दिसत असणार.

खराब भिंत खरवडून पुट्टी भरलेली होती. ती घासून घेतली आणि मी बादलीत पांढरा ओतला. काळ्याचे थेंब, मग हिरव्याचे, अगदी थोडा पिवळा. ढवळलं. हात सवयीनं थांबला. या पुढचं काम माझं नव्हतंच कधी. मी पुठ्ठ्याचा तुकडा शोधायला लागलो.

"इथे लाव," मुंगी म्हणाली.

"कुठे?"

तिनं उजवा पाय पुढे केला.

"कपडे घाण नको करू," मी खेकसलो. "एवढं रामायण झालं ते कमी आहे का?"

"घाण काय? कामाचे कपडे आहेत ना? तूच म्हणायचास." तिनं माझ्या हातातून ब्रश घेतला, बादलीत टोक बुडवलं, कडेला निथळलं आणि उजव्या मांडीवर एक फटका मारला, बरोबर डावीकडच्या फटक्याच्या समोर. ती उजवी आहे. आईसारखी डावखुरी नाही. मग ती खिडकीत जाऊन उन्हात उभी राहिली.

तेवढ्यात फोन वाजला. ताई. मी बघितलं आणि परत खिशात टाकला.

"आत्या?"

"वाजू दे."

"दे इकडे." तिनं फोन घेतला. "हां आत्या. कामावर आहोत. हो, घातलीये... नाही, नाही रागावला." माझ्याकडे बघून, "म्हणजे रागावलाय, पण नेहमीइतकाच. काय? नाही, ती नवी दुकानात परत करू नको. झिपरीला दे, ती मरते त्याच्यावर. बरं, ठेवते, रंग वाळतोय."

फोन तिनं डंगरीच्या खिशात टाकला, पेन्सिलीशेजारी. मग दोन्ही गुडघे एकमेकांना चिकटवले, दोन्ही मांड्या जुळवल्या आणि मान खाली घालून बघत राहिली. डावीकडे जुना फटका, उजवीकडे नवा.

"पिवळा कमी पडलाय," ती म्हणाली.

"नाही. बरोबर आहे."

"ये, बघ ना इथून."

मी गेलो, वाकलो. चष्मा वर केला, खाली केला. मला फार चीड आली. पिवळा खरंच कमी होता.

मी परत बादलीपाशी येऊन बसलो आणि बाटलीचं बूच उघडलं. "एकच थेंब टाकतोय," मी म्हणालो. "आणि हलू नकोस तिथून."